दर दोन तासांनी कूस



संयोजकांनी मला ‘आयटीतली वीस वर्षं’ हा विषय दिला होता. मी तो बदलून घेतला. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली सहलीच्या फोटोंपेक्षा “रात्रीसाठी बाई मिळेल का?” हेच जास्त येतं, म्हणून.

दोन वर्षांपूर्वी पक्षाघातानं आईची उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. घरी पाठवताना औषधांची यादी मिळाली. माणसाला कुशीवर कसं वळवायचं, हे कुणी सांगितलं नाही. ते शिकवलं घरी येणाऱ्या सिस्टरनी.

दर दोन तासांनी कूस बदलायची. पूर्ण कुशीवर नाही. पाठीला उशी लावून साधारण ३० अंश, म्हणजे खुब्याच्या हाडावर भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. वर सरकवताना ओढायचं नाही. कातडी गादीला चिकटून राहते, आतलं मांस सरकतं आणि जखम आतून सुरू होते. कंबरेखाली घडी केलेली चादर घालून दोघांनी उचलायचं. माकडहाड, खुबे, टाचा रोज बघायच्या. लाल दिसलं तर बोटानं दाबायचं. दाबूनही लाली गेली नाही, तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसेलच असं नाही; तिथे हाताला गरम किंवा टणक लागतंय का ते बघायचं. आणि तिथे चोळायचं नाही. आपल्याकडे काही झालं की तेलाची वाटी आधी येते!

हवेच्या गादीनं मदत होते, पण कूस बदलायची सुटका होत नाही.

माझ्यातल्या इंजिनिअरला आवडली ती ‘ब्रेडन स्केल’. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या अमेरिकन परिचारिका-संशोधकांची ही मोजपट्टी १९८७ साली प्रसिद्ध झाली. संवेदना, ओलावा, वावर, हालचाल, आहार, घर्षण यांना गुण द्यायचे. एकूण ६ ते २३. गुण जितके कमी, तितका धोका जास्त.

पण सिस्टरांची एक सवय कुठल्याच तक्त्यात नाही. हात लावण्याआधी त्या सांगायच्या, “काकू, डावीकडे वळूया. तीन म्हटलं की.” महिन्याभरात ‘तीन’ ऐकलं की आई डावा गुडघा स्वतः वाकवायला लागली. तेवढं वळणं तिचं स्वतःचं असतं.

रात्री दोनची पाळी माझ्या भावाची. नातेवाईक त्याचं फार कौतुक करतात. बाकीच्या पाळ्या माझ्या, असो.

आपल्या वर्गातल्या परिचारिका मैत्रिणीनं दोन रविवार शिकवायचं कबूल केलंय. चहाच्या टेबलावर वही ठेवली आहे, नावं लिहा. मुलग्यांनी आधी. येताना एक जुनी चादर आणि दोन उशा आणा.