निवाडा उघडून वाचावा

पक्षकाराने सांगितलेल्या हकिकतीला कोणता कायदा लागतो हे शोधून काढणे म्हणजे कायद्याचे संशोधन. आणि सापडलेले उत्तर न्यायाधीशाला पडताळून पाहता येईल अशा क्रमाने मांडणे म्हणजे कायद्याचे लेखन. पॅरालीगलच्या शिक्षणातले बाकीचे विषय या दोहोंवर उभे आहेत. परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात प्रथेप्रमाणे अभ्यासक्रम, ग्रंथालये, परीक्षा आणि नोकऱ्या यांचा आढावा अपेक्षित असतो. तो येथे त्रोटक राहील. कारण एक दोष या व्यवसायाच्या इतका अंगवळणी पडला आहे, की परिषदांतून त्याचा उच्चारही होत नाही. तो दोष म्हणजे न वाचलेल्या निवाड्याचा दाखला देणे.

भारतात पॅरालीगलचे काम दोन ठिकाणी चालते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली गावोगाव काम करणारे विधी स्वयंसेवक हा एक वर्ग; त्यांची योजना राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ मध्ये आखली. दुसरा वर्ग वकिलांच्या कार्यालयांत आणि कंपन्यांच्या विधी विभागांत बसतो. वकिलाचा कारकून हा त्याचा पूर्वज. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने न्यायालयात काम चालवण्याचा हक्क वकिलांकडे ठेवला आहे. त्यामुळे साहाय्यकाने केलेला मसुदा नेहमी दुसऱ्याच्या सहीने बाहेर पडतो. सही करणाऱ्याच्या बोर्डावर त्या दिवशी दहा कामे असतात. मसुद्यातला दाखला खरा आहे की नाही हे पाहायला मग मसुदा करणाऱ्याखेरीज कोणी उरत नाही.

संशोधनाची सुरुवात पक्षकाराच्या कागदांपासून होते. पहिले काम तारीखवार तक्ता करण्याचे: जन्म, मृत्यू, खरेदीखत, फेरफार, नोटीस आणि दाव्यास कारण घडल्याचा दिवस. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार करारभंगाची भरपाई मागायला सर्वसाधारणपणे तीन वर्षे मिळतात, तर मालकीहक्कावरून स्थावराचा ताबा मागायला बारा. दावा मुदतीत आहे की नाही हे तक्ता पाहताच कळते. कोणता कायदा उघडायचा हेही तारीखच सांगते. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. त्यापूर्वी घडलेल्या फसवणुकीला १८६० च्या दंड संहितेचे कलम ४२० लागते, त्यानंतरच्या फसवणुकीला नव्या संहितेचे कलम ३१८. गुन्ह्याची तारीख न विचारता कलम शोधणारा विद्यार्थी पहिल्याच पायरीवर घसरतो.

दुसरी पायरी कायद्याच्या मूळ पाठाची. कलमासोबत त्याचे परंतुक, स्पष्टीकरण, व्याख्या, अंमलाची तारीख आणि राज्याची दुरुस्ती पाहावी लागते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे उदाहरण घेता येईल. महाराष्ट्राने १९९४ मध्येच दुरुस्ती करून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना जन्मतः हक्क दिला. मात्र ती दुरुस्ती लागू होण्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ रोजी अमलात आली आणि तिने हा हक्क विवाहित-अविवाहित असा भेद न करता दिला. त्याच वेळी २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्यांना तिने हात लावला नाही. आणि वाटणी म्हणजे नोंदणीकृत दस्त किंवा न्यायालयाचा हुकूमनामा, असे स्पष्टीकरण जोडले. जुन्या आवृत्तीचे पुस्तक हाती धरणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

तिसरी पायरी निवाड्यांची. साधनांची ददात नाही. बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ पासून आणि सुप्रीम कोर्ट केसेस १९६९ पासून निघत आले आहेत; ऑल इंडिया रिपोर्टरमध्ये १९१४ पासूनचे निवाडे मिळतात. इंडियन कानून हे संकेतस्थळ २००८ मध्ये सुरू झाले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपले अहवाल ई-एससीआरवर विनामूल्य खुले केले आणि निवाड्यांना तटस्थ क्रमांक देण्यास आरंभ केला. संविधानाच्या अनुच्छेद १४१ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा सर्व न्यायालयांना बांधतो. उच्च न्यायालयाचा निर्णय त्याच्या हाताखालच्या न्यायालयांना बांधतो. मोठ्या पीठापुढे लहान पीठाचे मत टिकत नाही. बंधन असते ते निर्णयाला आधारभूत ठरलेल्या तत्त्वाचे. ओघात आलेल्या शेऱ्यांना ते वजन नाही. आणि निवाड्याच्या माथ्यावर छापलेली हेडनोट न्यायाधीशाची नसतेच. ती अहवालाचा संपादक लिहितो. तिच्यावर विसंबणे म्हणजे पाटी वाचून गाव पाहिल्याचे सांगणे.

मुलींच्या हक्काचाच प्रश्न पुढे नेला की निवाडे कसे वाचावेत हे कळते. २००५ पूर्वी वडील वारले असतील तर मुलीला हिस्सा मिळतो का? प्रकाश विरुद्ध फुलवती या २०१५ च्या निवाड्यात दोन न्यायाधीशांनी सांगितले, की दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील आणि मुलगी दोघेही हयात असले पाहिजेत. दानम्मा विरुद्ध अमर या २०१८ च्या निवाड्यात वडील २००१ मध्ये वारले होते, तरी दोन न्यायाधीशांच्याच पीठाने मुलींना हिस्सा दिला. हा पेच तीन न्यायाधीशांच्या पीठाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सोडवला. हक्क जन्माने येतो, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, असे ठरून फुलवतीचा निर्णय रद्दबातल झाला. २०१५ वर थांबलेला विद्यार्थी उलट उत्तर घेऊन परततो.

पुस्तक बरे की संगणक, हा वाद अध्यापकांत दर वर्षी रंगतो. पुस्तकवाल्यांच्या मते संगणकामुळे वाचन बसले. संगणकवाल्यांच्या मते रद्द झालेला निवाडा पुस्तकातून कळत नाही. तालुका न्यायालयातल्या एका वाटपाच्या दाव्याने या वादाचा निकाल कधीच लावला आहे. बहिणीच्या बाजूने विनीता शर्माचा निवाडा दाखल झाला. तो ताजा होता, बंधनकारक होता, संगणकाने तो अबाधित असल्याची खूणही दाखवली होती. भावांचे म्हणणे होते, की २००४ च्या बऱ्याच आधी तोंडी वाटणी झाली, वेगळे फेरफार झाले, सातबारे वेगळे निघाले. बहिणीच्या वकिलाने उत्तर दिले, की तोंडी वाटणी चालतच नाही. साहाय्यकाने हेडनोटमधून उतरवून दिलेली ओळ तेवढीच होती. त्यावर भावांच्या वकिलाने तोच निवाडा उचलला आणि शेवटचा भाग वाचून दाखवला: केवळ तोंडी पुराव्यावरची वाटणी मान्य होणार नाही, पण सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार असेल आणि हुकूमनाम्याने व्हावी तशी ती अंतिम झाल्याचे दिसत असेल, तर अपवादात्मक प्रकरणी ती स्वीकारता येईल. फेरफार आणि सातबारे त्या अपवादात बसतात का, यावर बहिणीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ होते. पण त्या दिवशी तयारी शून्य होती, आणि पक्षकार बाई मागच्या बाकावर बसून ते पाहत होत्या. छापील पुस्तक असते तरी हेच घडले असते. साधनाचा वाद पोकळ आहे. निवाडा शेवटपर्यंत वाचला की नाही, एवढाच प्रश्न खरा.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वादालाही हेच उत्तर लागू पडते. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात माटा विरुद्ध अविआंका या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केले. जून २०२३ मध्ये न्यायालयाने वकिलांना व त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलर दंड केला. यंत्र खोटे बोलले यात नवल नाही. निवाडा काढून वाचायला घेतला असता तर तो सापडलाच नसता आणि लबाडी तिथेच उघडी पडली असती. यंत्रावर बंदी मागणारे आणि यंत्राचे गोडवे गाणारे, दोघेही न वाचण्याच्या सवयीला हात लावत नाहीत.

तिसरा वाद भाषेचा. महाराष्ट्रात जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. १९९८ च्या अधिसूचनेने ते ठरले. अनुच्छेद ३४८ मुळे वरच्या न्यायालयांचे कामकाज मात्र इंग्रजीत चालते. मराठी माध्यमाचा विद्यार्थी संशोधनात मागे पडणारच, असे काही अध्यापक गृहीत धरतात. जुन्या पिढीतला एक कारकून या समजुतीला पुरून उरला. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, इंग्रजी शब्दकोशाच्या आधाराने. त्याच्या वहीत प्रत्येक निवाड्याला मराठीत चार ओळी असत: हकिकत काय, प्रश्न कोणता, ठरले काय, कोणत्या परिच्छेदात. न्यायाधीशाने परिच्छेद विचारला की वकिलाच्या हातात चिठ्ठी पोचलेली असे. तशा वह्या आता कोणी ठेवत नाही. पदविकाधारक साहाय्यक हेडनोट कापून चिकटवतात आणि तिला संशोधन म्हणतात.

लेखनाचे नियम थोडे आणि कडक आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम २ प्रमाणे दाव्यात आणि कैफियतीत महत्त्वाच्या हकिकती द्याव्यात. पुरावा देऊ नये. आदेश १९ नियम ३ प्रमाणे शपथपत्र स्वतःच्या माहितीतल्या गोष्टींपुरते असावे. अंतरिम अर्जात समजुतीवरचे विधान चालते, पण समजुतीचा आधार सांगावा लागतो. जुन्या नमुन्यावरून मसुदा केला की मजकूर बदलतो आणि सत्यापनातले परिच्छेद क्रमांक तसेच राहतात. उलटतपासाला तेवढे पुरते. वकिलासाठीच्या अंतर्गत टिपणाची रीत वेगळी. प्रश्न, नियम, हकिकतीला नियम लावणे आणि निष्कर्ष, हा अमेरिकी वर्गांत शिकवला जाणारा क्रम येथेही उपयोगी पडतो. त्यातले तिसरे अंग सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित. ते लिहायला निवाड्याची हकिकत माहीत असावी लागते आणि हेडनोटमध्ये ती जेमतेम एका ओळीत असते. पक्षकाराला प्रतिकूल असलेला निवाडाही टिपणात आला पाहिजे, कारण प्रतिपक्ष तो आणणारच.

परिषदेने करायची कामे यावरून ठरतात. परीक्षेत हेडनोट काढून टाकलेला संपूर्ण निवाडा द्यावा आणि त्याची चार ओळींची नोंद मागावी. वरच्या न्यायालयांच्या निवडक निवाड्यांच्या मराठी नोंदींचा संग्रह तयार व्हावा. त्यासाठी एखादी समिती नेमता येईल, तपशील तिने ठरवावा. वकील संघटनांशीही बोलणे करावे लागेल. हे होईपर्यंत कार्यालयांनी एक नियम आजपासून पाळायला हरकत नाही: दाखल्याच्या यादीत ज्या निवाड्यापुढे परिच्छेद क्रमांक आणि वाचणाऱ्याची सही नाही, तो निवाडा यादीतून काढावा.