लहान गावांचे विमान : 'वायुदूत'पासून नवी मुंबईपर्यंत

(नवी मुंबई येथे शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली. उलव्याची टेकडी कापून, नदीचा प्रवाह वळवून आणि दहा गावांचे पुनर्वसन करून ही भूमी सिद्ध करण्यात आली. दूरदेशी जाणाऱ्या मोठ्या विमानांची चर्चा पुष्कळ होते. परंतु कोल्हापूर, नांदेड वा जळगाव येथील प्रवाशाचा प्रश्न निराळा आहे. त्याच्या गावाहून निघालेल्या लहान विमानाला या महानगरात सोयीच्या वेळी उतरता येईल काय? हा प्रश्न जुना आहे व तो समजण्यासाठी 'वायुदूत'चा इतिहास पाहावा लागतो.

'इंडियन एअरलाइन्स' व 'एअर इंडिया' या दोन सरकारी संस्थांनी मिळून जानेवारी १९८१ मध्ये वायुदूतची स्थापना केली. हेतू मर्यादित आणि उचित होता. ईशान्य भारतात जेथे रस्त्याने जाण्यास दिवसचे दिवस लागत, तेथे विमान पोहोचवावयाचे होते. आरंभी फोकर जातीची जुनी विमाने वापरण्यात आली. पुढे जर्मन बनावटीचे, एकोणीस आसनांचे डॉर्नियर २२८ आले आणि कानपूर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने परवान्याखाली त्याची बांधणी सुरू केली. आखूड धावपट्टीवर उतरू शकणारे हे विमान लहान शहरांना सोयीचे होते.

मग मागण्यांचा ओघ सुरू झाला. आपल्या जिल्ह्याला विमान हवे, असे कोणास वाटणार नाही? ऐन भरात संस्थेच्या नकाशावर शंभराच्या आसपास ठिकाणे आली. महाराष्ट्रात छत्रपती राजाराम महाराजांनी संस्थानी काळात उभारलेल्या कोल्हापूरच्या विमानतळावरही वायुदूतची विमाने उतरू लागली. नकाशा असा भरत गेला, पण हिशेब मात्र जुळेना.

हा हिशेब शाळेतील मुलासही समजावा इतका सोपा आहे. एकशेऐंशी उतारूंच्या विमानास दोन वैमानिक लागतात आणि एकोणीस उतारूंच्या विमानासही दोनच. त्यांचा खर्च एका ठिकाणी एकशेऐंशींत वाटला जातो, दुसऱ्या ठिकाणी एकोणिसांत. एकोणिसांपैकी चार आसने रिकामी राहिली, तर पाचव्या हिश्शाहून अधिक उत्पन्न बुडते. भाडे वाढविले तर प्रवासी रात्रीच्या एस.टी.कडे किंवा रेल्वेकडे वळतो.

त्यात अपघातांची भर पडली. १९ ऑक्टोबर १९८८ रोजी गुवाहाटीजवळ वायुदूतचे फोकर कोसळून चौतीस जण मरण पावले. २३ सप्टेंबर १९८९ रोजी पुण्याहून हैदराबादला निघालेले डॉर्नियर इंदापूर परिसरात उजनीच्या जलाशयात कोसळले व त्यातील अकराही जण दगावले. १९९३ मध्ये संस्था इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आली आणि १९९७ पर्यंत तिचे उरलेसुरले वेगळे अस्तित्वही संपले.

यानंतर २०१७ साली 'उडान' योजनेखाली पहिली विमाने उडाली. २७ एप्रिल रोजी आरंभ झालेल्या मार्गांत नांदेड–हैदराबाद हा एक होता. निम्म्या आसनांचे भाडे मर्यादित ठेवावयाचे व होणारी तूट तीन वर्षे शासनाने भरून द्यावयाची, अशी ही व्यवस्था. त्या तुटीत सामान्यतः राज्याचा वाटा २० टक्के. वायुदूतच्या वेळी तोटा संस्थेच्या ताळेबंदात मुरत असे; येथे तो उघडपणे मांडला गेला, ही सुधारणाच होय. परंतु तीन वर्षांनंतर काय? ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेली मुंबई–सिंधुदुर्ग सेवा मुदत संपताच २०२४ मध्ये बंद पडली.

दुसरी अडचण मुंबईतच होती. सांताक्रूझ येथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकीचाच उपयोग होतो. एकोणीस आसनांचे विमान उतरले काय आणि तीनशे आसनांचे उतरले काय, धावपट्टीची एक वेळ खर्ची पडतेच. उलट मोठ्या विमानामागे हवेत भोवरे उठत असल्याने लहान विमानास अधिक अंतर राखून यावे लागते. शिवाय ऐंशीहून कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना २००४ मध्ये उतरण्याचे शुल्क माफ करण्यात आले. सवलत लहान विमानाच्या हिताची खरी, पण तिच्यामुळे ते मोठ्या विमानतळाचे बिनपैशाचे पाहुणे ठरले! २०१७ च्या अखेरीस जळगाव व नाशिकहून मुंबईस येणाऱ्या लहान विमानांची सेवा याच वेळांच्या टंचाईमुळे आधी रखडली होती.

नवी मुंबईत आज एक धावपट्टी वापरात आहे. नियोजित दुसरी तिला समांतर असेल, छेदणारी नसेल. जळगावचा शेतकरी किंवा नांदेडचा शिक्षक सकाळी आठ वाजता उलव्यास उतरला, तर अटल सेतूवरून तो दहाच्या सुमारास मंत्रालयात पोहोचू शकेल व सायंकाळच्या विमानाने घरी परतू शकेल. दुपारी दोनची वेळ मिळाली, तर त्याला मुक्काम करावा लागेल आणि मग रात्रीची रेल्वेच त्याला स्वस्त पडेल. सकाळच्या व सायंकाळच्या या वेळा मोठी विमानेही मागणारच. त्यांपैकी किती लहान विमानांसाठी राखावयाच्या, हे पहिल्या काही वेळापत्रकांतच ठरावयाचे आहे.