एका तारखेचे मानकरी

(आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त २८ डिसेंबर रोजी सायंकाळच्या मिस्सेनंतर केलेले भाषण)



महोत्सव-मंडळाच्या तरुणांनी प्रवेशद्वाराशी एक फळा उभा केला आहे, तो आपण येताना पाहिलाच असेल. वर्तमानपत्रांत 'दिनविशेष' या मथळ्याखाली जी माहिती येते, तद्वत् आजच्या तारखेस जगात काय घडले, कोण जन्मास आले व कोण निवर्तले, याची टिपणे त्यांनी सुंदर अक्षरांत लिहिली आहेत. या फळ्यास धरून मी चार शब्द बोलावेत अशी त्यांची इच्छा. मी ती आनंदाने मान्य केली. परंतु मागील आठवड्यात एक प्रसंग असा घडला की, बोलण्यापूर्वी मला पुष्कळ विचार करावा लागला. तो प्रसंग प्रथम सांगतो.

आपल्यापैकी एक वयोवृद्ध माता माझ्या कचेरीत आल्या व म्हणाल्या, "फादर, अठ्ठावीस तारखेला महोत्सवाची घंटा वाजणार म्हणे?" मी म्हटले, "होय, मावशी." त्यावर त्या म्हणाल्या, "माझी पहिली मुलगी नाताळच्या रात्री जन्मली आणि चौथ्या दिवशी गेली. ती अठ्ठावीसच होती. सुइणीनेच घाईघाईने तिला स्नानसंस्कार दिला. तुम्ही घंटा वाजवू नका असे मी म्हणत नाही. पण मी त्या दिवशी घरीच राहीन."

मी सेमिनरीत शिकलेला मनुष्य. उत्तर माझ्या जिभेवर तयारच होते. मी त्यांस सांगितले की, ख्रिस्तसभा संतांच्या मृत्यूच्या दिवसालाच त्यांचा स्वर्गातील जन्मदिन मानते. पृथ्वीवरील जन्माचे सण ती फक्त तिघांचे पाळते, आपल्या प्रभूचा २५ डिसेंबरला, पवित्र मरियेचा ८ सप्टेंबरला आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा २४ जूनला. मावशींनी शांतपणे ऐकून घेतले, पदर सारखा केला आणि "बरे, फादर" असे म्हणून त्या निघून गेल्या. उत्तर शास्त्राप्रमाणे बरोबर होते. परंतु ते त्यांच्या दुःखापर्यंत पोहोचले नाही, हे मला त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहताना कळून चुकले.

आता आपण फळ्याकडे वळू. त्यावरील नोंदी खरोखर मोठ्या आहेत. २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन सुरू झाले. प्रतिनिधी बहात्तर होते आणि अध्यक्षस्थानी व्योमेशचंद्र बॅनर्जी होते. हे अधिवेशन वास्तविक पुण्यास व्हावयाचे, परंतु तेथे पटकीची साथ उद्भवल्यामुळे ते मुंबईस न्यावे लागले. पस्तीस वर्षांनी, १९२० च्या डिसेंबरात, त्याच सभेचे अधिवेशन आपल्या नागपुरात भरले आणि असहकाराच्या ठरावावर येथे शिक्कामोर्तब झाले.

दुसरी नोंद पॅरिसची आहे. २८ डिसेंबर १८९५ रोजी तेथील एका उपाहारगृहाच्या तळघरात ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून हलती चित्रे लोकांना दाखविली. पुढे मुंबईतील एका तंबूत प्रभू येशूच्या जीवनावरील असाच एक चित्रपट दादासाहेब फाळके यांनी पाहिला. तो पाहता पाहता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्ण उभे राहिले, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला.

तिसरी नोंद शोकाची आहे. २८ डिसेंबर १९०८ च्या पहाटे सिसिलीतील मेसिना नगर भूकंपाने आणि मागोमाग आलेल्या समुद्राच्या लाटांनी उद्ध्वस्त झाले. सहस्रावधी माणसे निजल्या जागी गेली. आणि याच तारखेस १९३७ साली मुंबईत श्री. रतन टाटा जन्मले, ज्यांच्या निधनाने २०२४ साली अवघा देश हळहळला.

बंधुभगिनींनो, या घटनांना परस्परांशी जोडणारा दुवा तारखेवाचून दुसरा नाही. तारीख ही मनुष्याने केलेली मोजणी आहे. आपल्या नगरातील दीक्षाभूमीचेच पाहा. डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली तो दिवस १४ ऑक्टोबर १९५६ होता आणि त्या वर्षी त्याच दिवशी विजयादशमी होती. पुढील वर्षांत तिथी व तारीख वेगळ्या पडल्या. म्हणून तेथे विजयादशमीस जनसागर लोटतो आणि कित्येक जण १४ ऑक्टोबरही भक्तिभावाने पाळतात. दिवसाला मोल येते ते त्याच्या अंकामुळे नव्हे, त्या दिवशी कोणाची आठवण करावयाची असे आपण ठरवितो, त्यामुळे येते.

कोणाची आठवण करावयाची, हाच खरा प्रश्न आहे. जमशेटजी टाटांची कापडाची गिरणी याच नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीस व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, म्हणून गिरणीस 'एम्प्रेस' हे नाव मिळाले. जगाची रीत अशी आहे. तारखेचा मान थोरांकडे जातो आणि लहानांची नावे थोरांच्या नावाखाली झाकली जातात. ती सम्राज्ञी गेली, तिचे साम्राज्य गेले, गिरणीचा भोंगाही मुका झाला.

आता आपल्या फळ्यावरील सर्वांत जुनी नोंद पाहा. २८ डिसेंबर १६२२ रोजी फ्रान्समधील लियों नगरात संत फ्रान्सिस द सेल्स यांनी देह ठेवला. आपल्या महाधर्मप्रांताचे मुख्य मंदिर त्यांच्या नावाचे आहे, आणि त्यांचे नाव धारण करणाऱ्या संघाच्या धर्मगुरूंनीच या मुलखात श्रद्धेचे बीज पेरले. जिनिव्हाचे बिशप असलेले हे सत्पुरुष लियों येथे मठाच्या माळ्याच्या झोपडीवजा घरात उतरले होते; तेथेच त्यांना अंतकाळ आला. १६६५ साली ते संतपदास चढले, १८७७ साली ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून गौरविले गेले आणि १९२३ साली लेखकांचे आश्रयदाते ठरले. मृत्यूचा दिवस हाच संताचा सण असा सामान्य प्रघात आहे, हे मी मावशींना सांगितलेच होते. मग त्यांचा सण २८ डिसेंबरला का नाही? पूर्वी तो २९ जानेवारीला पाळीत. १९६९ पासून २४ जानेवारीला पाळतात. ॲनेसी येथे १६२३ साली त्यांचे दफन झाले, त्या दिवसाची ती तारीख आहे.

कारण हे की, २८ डिसेंबरची जागा आधीच भरलेली होती. फार प्राचीन काळापासून ती हेरोदाने मारविलेल्या बेथलेहेमच्या निष्पाप बालकांची आहे. ती किती होती, हे मत्तयने लिहिले नाही. त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपणांस ठाऊक नाही. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही, उपदेश केला नाही, बोलण्याइतकेही ती वाढली नव्हती. असे असता ख्रिस्तसभेने एवढ्या मोठ्या आचार्याचा सण बाजूस सारला आणि मुलांची जागा मुलांकडेच ठेवली. चरित्रकार सांगतात की, मरणशय्येभोवती संतांचा धावा चालला असता निष्पाप बालकांचे नाव उच्चारले गेले आणि त्याच क्षणी फ्रान्सिसचा प्राण गेला. जणू त्यांनी स्वतःच त्या लेकरांच्या हाती हात दिला!

मावशींना मी सांगावयास हवे होते ते हे. आजच्या तारखेचे मानकरी राष्ट्रीय सभा नव्हे, ल्युमिएर नव्हेत, आमचा सुवर्णमहोत्सवही नव्हे. आजच्या तारखेचे मानकरी ती लेकरे आहेत, आणि चार दिवसांची ती मुलगी त्यांच्याच मेळ्यात आहे. तिच्या दिवशी आम्ही महोत्सव मांडला, तर परवानगी आम्ही मागावयाची; तिच्या आईने घरी बसावयाचे नाही.

त्या भेटीनंतर मी आपल्या धर्मग्रामाच्या दोन जुन्या वह्या उघडल्या: एक स्नानसंस्कारांची व दुसरी मृतांची. आपला खरा इतिहास या दोन वह्यांत आहे. कित्येक नावे पहिल्या वहीतून दुसरीत काही दिवसांतच गेलेली आढळली. काहींच्या पुढे वयाच्या रकान्यात फक्त तास लिहिलेले आहेत. त्या सर्व बालकांची नावे मी उतरून घेतली आहेत. आता हे भाषण संपताच ती नावे वाचली जातील आणि प्रत्येक नावास घंटेचा एक टोला पडेल. महोत्सवाची घंटा त्यानंतर वाजेल. त्या मावशी आज येथे आल्या आहेत की नाहीत, हे मी मुद्दाम पाहिलेले नाही; घंटेचा आवाज त्यांच्या घरापर्यंत जातो, एवढे मला ठाऊक आहे.

तरुण मित्रांनो, तुमच्या फळ्यावर सर्वांत वर एक ओळ लिहावयाची राहिली आहे. ज्यांच्या घरी असे लेकरू होऊन गेले असेल त्यांना, त्यांची इच्छा असल्यास, आपल्या हाताने ती ओळ लिहू द्या. पन्नास वर्षे ज्या परमेश्वराने आपणांस सांभाळले, त्याच्या वहीत कोणतेही नाव लहान नाही. तो आपणा सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.