टाकी केवढी आणि पाणी किती

उन्हाळा तापला की पनवेलमध्ये देहरंग धरणाची पातळी हा घरोघरचा विषय होतो. धरण तळाला गेलं की नळाला दिवसाआड पाणी, आणि मग सगळी भिस्त गच्चीवरच्या टाकीवर. ती किती लिटरची, असं विचारलं की माणसं टेप लावून बाहेरून मापं घेतात. हिशेब तिथेच फसतो.

काँक्रीटची एक चौकोनी टाकी घेऊ. बाहेरून लांबी ६ फूट, रुंदी ५, उंची ५. गुणाकार १५० घनफूट. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर पाणी मावतं, म्हणजे झाले ४,२४५ लिटर. ऐकायला झकास!

आता भिंती, तळ आणि वरचा स्लॅब सहा-सहा इंचांचा धरला, तर प्रत्येक मापातून एकेक फूट गेला. आत उरले ५ गुणिले ४ गुणिले ४, म्हणजे ८० घनफूट. लिटर २,२६४. जवळजवळ निम्मी टाकी सिमेंटनेच खाल्ली.

तीही काठोकाठ भरत नाही. वरच्या नऊ इंचांत बॉलकॉक आणि ओव्हरफ्लोचा पाइप. खाली घरात जाणारा पाइप मुद्दाम तळापासून तीन इंच वर घेतलेला असतो, नाहीतर गाळ थेट स्वयंपाकघरात यायचा. खोली उरली ३ फूट. पाणी सुमारे १,७०० लिटर.

धरणांचंही असंच असतं. जायकवाडीची एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर, पण त्यातले ७३८ मृत साठ्याचे, म्हणजे पाणी सोडण्याच्या तोंडाखालचे. म्हणून बातम्यांत ‘उपयुक्त साठा’ वेगळा सांगतात. घरच्या टाकीचा मात्र कोणी सांगत नाही.

शहरात माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी मापदंड. पाच माणसांना ६७५ लागतात, म्हणजे या टाकीत अडीच दिवसांचं पाणी. दिवसाआडच्या पुरवठ्यात निभेल. त्यात पाहुणे आले तर ओढाताण.

रोजच्या वापरासाठी एक सोपा आकडा आहे. या टाकीत पाण्याची पातळी एक इंच उतरली की ४७ लिटर गेले. इंचांच्या खुणा केलेली प्लास्टिकच्या पाइपाची काठी आत उभी केली की शिल्लक चटकन कळते.

आणि ज्यांची टाकी अजून बांधायची आहे, त्यांनी ठेकेदाराकडून लिटर लिहून घेताना ओव्हरफ्लोच्या खालचे आणि घराकडे जाणाऱ्या पाइपाच्या वरचे, तेवढेच लिहून घ्यावेत.