लोकमत आणि पुरावा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



‘न्याय’ या विषयावर दोन शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा आपणा सर्वांना रामशास्त्री प्रभुण्यांचे स्मरण होणार हे आम्ही जाणून होतो. सत्ताधीशाच्या तोंडावर निवाडा सांगणारा शास्त्री हे मराठी मनाचे दैवतच आहे. परंतु जेथे जनता हीच सत्ताधीश असते आणि जिने पालखीत बसविले तिलाच अप्रिय सत्य सांगावयाचे असते, तेथे काय करावे? या प्रश्नाला सामोऱ्या गेलेल्या एका परदेशी गृहस्थाची हकीकत आज आम्ही निवेदन करणार आहोत. आपल्यापैकी कित्येकांची मुले त्या देशी स्थायिक आहेत. त्यामुळे ती अगदीच परकी वाटू नये.

अमेरिकेच्या मिसुरी राज्यात सेंट लुइस नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रदेश आहे. तेथील फर्ग्युसन या लहानशा शहरात ९ ऑगस्ट २०१४ रोजी मायकेल ब्राउन हा अठरा वर्षांचा नि:शस्त्र कृष्णवर्णीय तरुण डॅरेन विल्सन या गोऱ्या पोलिसाच्या गोळीने ठार झाला. शहर पेटले. आरोप ठेवावा की नाही, हे नागरिकांच्या पंचमंडळापुढे गेले आणि नोव्हेंबरात नकार आला. १९९१ पासून त्या पदावर असलेले सरकारी अभियोक्ता रॉबर्ट मॅक्‌कलक यांच्यावर पक्षपाताचा ठपका लोकांनी ठेवला.

मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय न्याय खात्याने दोन अहवाल प्रसिद्ध केले. विल्सनवर केंद्रीय कायद्याखाली खटला भरण्याजोगा पुरावा नाही, असे एकात होते. दुसऱ्यात त्या शहराच्या कारभाराचे वाभाडे काढले होते. वस्तीत कृष्णवर्णीय ६७ टक्के, तर अटक झालेल्यांत ९३ टक्के. आणि पोलिसांचे लक्ष सुरक्षिततेपेक्षा दंडवसुलीवर अधिक!

या वणव्यातून वेस्ली बेल पुढे आले. पोलिसाचे पुत्र, पेशाने वकील. एप्रिल २०१५ मध्ये ते फर्ग्युसनच्या नगरपरिषदेवर निवडून गेले. आपल्याकडे सरकारी वकील शासन नेमते. तेथे तो मतांवर निवडला जातो. ऑगस्ट २०१८ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत बेल यांनी मॅक्‌कलक यांचा पराभव केला आणि जानेवारी २०१९ मध्ये पदभार स्वीकारला. तत्पूर्वीच कार्यालयातील साहाय्यक वकिलांनी पोलिसांच्या संघटनेत सामील होण्याचा ठराव केला होता, यावरून स्वागताची कल्पना यावी. तरीही अल्पशा गांजासाठी खटले भरणे त्यांनी थांबविले, किरकोळ गुन्ह्यांत रोख जामिनाचा आग्रह सोडला आणि जुन्या शिक्षांची फेरतपासणी करणारा विभाग उघडला.

खरी कसोटी पुढेच होती. ब्राउन प्रकरणाचे दप्तर त्यांनी पुन्हा उघडले आणि कित्येक महिने तपासले. ३० जुलै २०२० रोजी पत्रकारांसमोर उभे राहून त्यांनी सांगितले की, खून वा मनुष्यवध नि:संशय सिद्ध करील असा पुरावा नाही. यामुळे विल्सन निर्दोष ठरतो असे मात्र नव्हे. ज्या संतापाने त्यांना त्या खुर्चीपर्यंत पोहोचविले होते, त्यालाच त्यांनी नकार दिला.

मंडळी, येथे आमची एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका खातेनिहाय चौकशीचे काम आमच्याकडे आले. तो मनुष्य दोषी आहे, अशी साऱ्या कचेरीची खात्री होती, आमचीही होती. कागद मात्र साक्ष देईनात. “आरोप सिद्ध होत नाही” असे आम्ही लिहिले. महिनाभर आमच्या टेबलाशी कोणी चहाला थांबले नाही. पण आम्हांला सलते ते वेगळेच. तक्रारदार विधवा बाईंना आम्ही तो निर्णय टपालाने कळविला. समोर बसवून सांगण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

बेल यांच्या कारकीर्दीचा उत्तरार्धही बोधप्रद आहे. २००१ साली दोषी ठरविलेल्या मार्सेलस विल्यम्स यांची देहदंडाची शिक्षा रद्द व्हावी म्हणून त्यांनी २०२४ मध्ये स्वतःच्याच कार्यालयाच्या जुन्या खटल्याविरुद्ध अर्ज केला. न्यायालयाने तो फेटाळला आणि २४ सप्टेंबर २०२४ रोजी शिक्षा अमलात आली. म्हणजे ज्यास सोडावे असे जनसमुदायास वाटत नव्हते आणि ज्यास सोडूच नये असे राज्यशासनास वाटत होते, अशा दोन्ही ठिकाणी त्यांनी दप्तरातील कागदांचाच कौल मानला. त्याच वर्षी पक्षातीलच विद्यमान प्रतिनिधी कोरी बुश यांना हरवून ते अमेरिकेच्या संसदेवर निवडून गेले. त्या निवडणुकीत इस्रायल-समर्थक गटाने ओतलेल्या अमाप पैशामुळे जुने चाहतेही दुरावले. सुधारकही अखेर राजकारणी मनुष्यच असतो. त्याची मूर्ती करून पुजण्याचे आपल्याला कारण नाही.

तथापि एवढे खरे, की सुधारणा म्हणजे आपल्या बाजूचा निकाल नव्हे. कालपर्यंत दुसऱ्यांना नाकारलेली निष्पक्षता आपल्याला नको असलेल्या माणसालाही देणे, हीच सुधारणा होय. परप्रांतात अल्पसंख्य म्हणून राहणाऱ्या आपणां मराठी कुटुंबांना तर हे अधिकच उमगावे. गर्दी आपल्या बाजूची नसेल त्या दिवशी आपल्याला आधार पुराव्याचाच असतो.