ग्रंथालय-सेवकाचे नवे शिक्षण
(शताब्दी समारंभातील भाषण)



शंभर वर्षे पूर्ण केलेल्या संस्थेत बोलावयास उभे राहिले की संस्थापकांच्या गौरवाचे शब्द आपोआप ओठांवर येतात. तो गौरव इतर वक्ते माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने करतील. मी आपले लक्ष देवघेवीच्या टेबलामागे उभ्या असलेल्या माणसाकडे वेधू इच्छितो. पुढील शतकात हे ग्रंथालय वाचकांच्या उपयोगी पडेल की नाही, हे त्या माणसाला आपण काय शिकवितो यावर ठरणार आहे.

माळव्याला मराठी वाङ्मयाची परंपरा परकी नाही. देवास आणि धार ही पवारांची संस्थाने. भा. रा. तांबे यांचे शिक्षण देवासला झाले. इंदुराने १९१७, १९३५ आणि २००१ साली मराठी साहित्य संमेलने भरविली. परंतु शहर सोडून जरा आत गेले की चित्र पालटते. कालीसिंध नदी जेथे उगम पावते त्या बागलीसारख्या तहसिलीच्या गावी राहणाऱ्या मराठी वाचकाचा विचार करा. मुलांचे शिक्षण हिंदीतून. मराठी पुस्तक जवळपास विकत मिळण्याची आशा थोडी. अशा वाचकाला ग्रंथालयाची एक खेप म्हणजे पदरचा एक दिवस. इतक्या लांबून यावे आणि पुस्तक बाहेर गेले आहे असे ऐकून परतावे, हे दोनदा घडले की तिसऱ्यांदा तो येत नाही. आपण एक वाचक गमावतो, आणि त्याच्या घरातील पुढची पिढीही गमावतो.

वाचकाचा वेळ वाचविणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य आहे, असे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली आपल्या पाच सूत्रांत सांगून ठेवले. १९५७ नंतर काही काळ ते येथून जवळच, उज्जैनच्या विक्रम विद्यापीठात अध्यापन करीत होते. त्याही पूर्वी, १९१० साली, सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून बॉर्डन यांना बडोद्यास बोलावून घेतले. नुसती ग्रंथालये काढून महाराज थांबले नाहीत; ती चालविणाऱ्या माणसांसाठी शिक्षणवर्गही सुरू झाला. साधन आणि साधन वापरणारा यांची सोय एकदम केली पाहिजे, हा त्यातील धडा आहे.

तो आपण विसरतो. संगणक विकत घेतला जातो, त्याचे उद्घाटन होते आणि काही दिवसांनी त्यावर आच्छादन पडते. याचे कारण सेवकांचा आळस हे नव्हे. शिकण्यासाठी त्यांना वेळ दिलेला नसतो आणि चूक झाली तर बोलणी खावी लागतील ही धास्ती असते. पंचवीस वर्षे कपाटांमधून वावरलेल्या माणसाला तरुणांसमोर चाचपडताना संकोच वाटतो. हा संकोच आपण समजून घेतला पाहिजे.

आणि नेमके याच माणसापाशी असे काही आहे, जे यंत्रापाशी नाही. वाचक येऊन विचारतो, ‘ते शिरवाडकरांचे पुस्तक’. सेवक कुसुमाग्रजांच्या कपाटाकडे वळतो. गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी, केशवसुत म्हणजे दामले, हे त्याला सांगावे लागत नाही. यंत्राला मात्र सांगावे लागते. १९६२ च्या लेखननियमांपूर्वी छापलेल्या ग्रंथांच्या नावांत ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार आहेत. आजचा वाचक ते न देता शोध घेतो आणि पुस्तक कपाटात असूनही ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर मिळते. ही दोन्ही रूपे नोंदीत घालणारा माणसूच हवा. ज्येष्ठ सेवक निवृत्त झाला की ही सारी जाण त्याच्याबरोबर जाते. ती तालिकेत उतरवून घेणे, हा मला नव्या तंत्राचा पहिला उपयोग वाटतो. शंकर गणेश दाते यांनी १८०० पासूनच्या मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली ती संगणकाशिवाय. त्यांच्या चिकाटीचा थोडा अंश अंगी आला तरी आपल्या एका ग्रंथालयाचे काम पार पडेल.

आता सेवकांनी काय शिकावे? प्रथम युनिकोडमधील देवनागरी टंकलेखन. पूर्वी विशिष्ट फाँट वापरून केलेल्या नोंदी त्या फाँटविना वाचता येत नाहीत, हा कटू अनुभव अनेक संस्थांना आला आहे. हिंदी शाळेत शिकलेल्या येथील मुलांना लिपी तीच असल्याने हे अवघड नाही. मात्र ‘ळ’ आणि ‘ऱ्या’ यांकडे लक्ष हवे. दुसरे, ग्रंथालयाची संगणकप्रणाली. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयाने २००० साली वापरात आणलेली ‘कोहा’ विनामूल्य मिळते. त्या माओरी शब्दाचा अर्थच भेट असा आहे. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ प्रणालीही आहे. तिसरे, इतरांच्या ऑनलाइन संग्रहांत शोध घेण्याची रीत. मराठी विश्वकोश आता घरबसल्या वाचता येतो, हे कित्येक सभासदांना ठाऊक नसते. ते दाखवून देणे हीसुद्धा ग्रंथसेवाच आहे.

चौथी गोष्ट मर्यादांची. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे त्याच्या ग्रंथांचा स्वामित्वहक्क राहतो. तांबे १९४१ साली निवर्तले. त्यांची कविता आपण खुशाल अंकीकृत करावी. कुसुमाग्रजांचे निधन १९९९ चे. त्यांचे पुस्तक छायाचित्रे काढून सभासदांना फोनवर धाडणे योग्य नव्हे. तसेच कोणी काय वाचले याची नोंद यंत्रात राहते. ती सेवकाने स्वतःपाशीच ठेवावी.

एक इशारा देतो. तालिका ऑनलाइन ठेवण्यापूर्वी दाखल नोंदवही हाती घेऊन प्रत्येक कपाटाची पडताळणी करा. पडद्यावर पुस्तक आहे आणि फळीवर नाही, असे झाल्यास बागलीच्या वाचकाची खेप पुन्हा फुकट जाईल, आणि या वेळी दोष आपल्या माथी येईल.

पदाधिकाऱ्यांना माझी विनंती थोडकी आहे. आठवड्यातून दोन तास देवघेव बंद ठेवून सेवकांना शिकू द्या. ते तास कामाचेच समजा आणि त्यांचे वेतन कापू नका. एक ज्येष्ठ आणि एक तरुण अशी जोडी बसवा; एकाने जाण द्यावी, दुसऱ्याने हात चालवावा. सभासदांनाही विनंती आहे. त्या दोन तासांत दार लोटलेले दिसले तर रागावू नका. आत आपल्यासाठीच काम चालू आहे.

उद्या बागलीतील एखादी आजी नातवाकडून फोनवर पुस्तकाचे नाव टंकून घेईल, ते येथे आहे असे तिला कळेल, आणि येथील सेवक ते तिच्या नावाने बाजूला काढून ठेवील. तो दिवस शताब्दीच्या समारंभाइतकाच मोठा मानावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.