गाडीचा एसी गार करेना, तेव्हा

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि गॅरेजमध्ये एकच मागणी ऐकू येते: "गॅस भरून द्या." पण एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. बराच कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. नळीच्या जोडापाशी तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला, की बहुधा जागा तीच. ती न शोधता गॅस भरणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

गाडी पळताना गारवा आणि सिग्नलला थांबताच गरम हवा? मग आधी कंडेन्सरच्या, म्हणजे गॅस थंड करणाऱ्या जाळीच्या, पंख्यावर संशय घ्यावा. एसी चालू ठेवून बॉनेट उघडावं. पंखा फिरतोय का, ते डोळ्यांनाच दिसतं. हात मात्र लांब ठेवावा, पंखा अचानक सुरू होतो.

कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांत माती आणि किडे अडकतात. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर कंडेन्सर पाण्याच्या हलक्या धारेनं धुवावा. जोराच्या फवाऱ्यानं पत्रे वाकतात.

हवेचा झोतच मंद असेल, तर केबिन फिल्टर पाहावा. बऱ्याच गाड्यांत तो डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो, आणि घरच्या घरी बदलता येतो.